व्हेरिफाय ओके, तरी पंधरा दिवसांनी पुन्हा 'लँग्वेज?'

लक्षण असं. बीबीसी मायक्रो हा ऐंशीच्या दशकातला कॉम्प्युटर सुरू केला की आधी जाड 'बूप' आणि मागोमाग बारीक 'बीप' असे दोन्ही आवाज नीट येतात. टीव्हीवर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' ही ओळ उमटते. तिच्याखाली 'बेसिक' (त्यातली प्रोग्रामिंगची भाषा) यायला हवं, तिथे येतं 'लँग्वेज?'. एवढं विचारून मशीन गप्प. कीबोर्डवर काहीही बडवा, ढिम्म.

ही भाषा जिच्यात भरलेली असते ती ईप्रॉम चिप (पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी) काढायची, प्रोग्रामरवर (चिपेत लिहिणाऱ्या यंत्रावर) लावायची, व्हेरिफाय (लिहिलेलं जुळतंय का बघ) म्हणायचं. ओके. परत मशीनमध्ये बसवायची. कधी चालते, कधी नाही. वैतागून पुसून पुन्हा बर्न करायची, म्हणजे लिहायची. मग दोन आठवडे सुखाचे, आणि त्यानंतर पहिले पाढे पंचावन्न. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे हे चार वेळा झालं. ज्यांच्याकडे स्पेक्ट्रम किंवा कमोडोरसारखा त्याच काळातला कॉम्प्युटर आहे त्यांना पडद्यावर वेगळं काही दिसेल, पण 'बर्न होतं, व्हेरिफाय होतं, टिकत नाही' ही तक्रार सगळीकडे सारखीच. शिवाय 'कोणता प्रोग्रामर घ्यावा?' असं मला सारखं विचारलं जातं, त्याचं उत्तरही यातच आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

मशीनबद्दल थोडं. १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' या शाळांतल्या संगणकशिक्षणाच्या प्रकल्पात देशभरातल्या शाळांना बीबीसी मायक्रो दिले गेले. माझं मशीन त्यातलंच की नाही ते सांगता येत नाही. मला ते जुन्या बाजारात मिळालं, एका रविवारी, पंख्याच्या मोटारी आणि झाकणं हरवलेल्या मिक्सरच्या भांड्यांच्या मधोमध. विकणाऱ्यानं ते टाइपरायटर म्हणून लावलं होतं. उघडून पाहिलं तर ऑपरेटिंग सिस्टीमची रॉम (फक्त वाचायची मेमरी चिप) जागेवर होती, बेसिकची जागा मात्र रिकामी. म्हणजे १६ किलोबाइटची एक चिप बर्न करून त्या सॉकेटमध्ये बसवायची, संपलं काम. असं मला वाटलं.

१६ किलोबाइटला नेमकी बसते ती २७१२८ नंबरची ईप्रॉम. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात विचारलं. "काका, २७१२८ मिळेल का? ए असेल तर बरं."

"ए-बी-सी-डीचं काय घेऊन बसलात? सगळ्या एकच असतात. कॉलेजची पोरं ह्याच नेतात."

पाच चिपा घेतल्या. काचेच्या खिडकीच्या (तिच्यातून यूव्ही प्रकाश टाकून पुसायच्या), पाय थोडे काळवंडलेल्या, पण देखण्या. त्यांच्यावर 'ए' नव्हता. मीही मान डोलावून घरी आलो, कारण माझ्या प्रोग्रामरच्या खोक्यावर हजारोंनी चिपा चालतात असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि सॉफ्टवेअरच्या यादीत २७१२८ हे नाव होतं. यादीत नाव आहे म्हणजे काम होणार, एवढाच माझा हिशेब. सगळी गोम इथेच आहे, पण ती कळायला मला तीन महिने लागले.

त्या तीन महिन्यांत काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. सॉकेट बदललं. चिपेचे पाय खोडरबरानं घासले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले (हे करायलाच हवं, पुण्याच्या पावसाळ्यात जुन्या चिपांचे पाय काळे पडतातच, पण माझा रोग तो नव्हता). पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर बदलले. तेही करायलाच हवं होतं, कारण बीबीसीच्या सप्लायमधले ते मेणचट पिवळे कपॅसिटर एक दिवस धूर काढतातच. पण 'लँग्वेज?' काही गेलं नाही.

शेवटी उत्तर सापडलं ते एका छोट्या सेटिंगमध्ये. प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय किती व्होल्टला करायचं ते निवडता येतं. आपण तिकडे कधी बघतच नाही, ते ५ वर असतं. मी ५.५ केलं आणि 'लँग्वेज?' दाखवणारी चिप तशीच, पुन्हा बर्न न करता, वाचली. त्रेचाळीस बाइट चुकले! परत ५ वर आणलं: शून्य चुका. ५.५: त्रेचाळीस. चूकही एकाच दिशेची. जिथे ० हवा होता तिथे १ दिसत होता, उलट एकदाही नाही.

यादीतली पहिलीच चूक बघा. बीबीसीची रॉम ८००० या हेक्स (सोळाच्या पद्धतीतल्या, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ) पत्त्यापासून दिसते. सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक सॉकेटमध्ये डोकावते आणि तिथे खरी रॉम आहे की कचरा, हे एका खुणेवरून ठरवते. आठव्या बाइटमध्ये एक आकडा असतो, बेसिकच्या रॉममध्ये तो ०ई. म्हणजे ८००ई या पत्त्यावर जा. तिथे ००, २८, ४३, २९ असे चार बाइट हवेत: एक शून्य आणि मागे कंसातला 'सी', कॉपीराइटची खूण. ही खूण जुळली तरच ती रॉम आहे असं धरायचं. माझ्या चिपेत ८००ई वर ०० च्या जागी ०४ येत होतं. एक बिट! उरलेली जवळजवळ सगळी रॉम धड असूनही ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी तो सॉकेट रिकामा, म्हणून ती विचारते, भाषा कुठाय?

आणि घसरायला नेमका तोच बाइट का, तर त्यालाही कारण आहे. ईप्रॉम पुसली की सगळे बिट १ होतात, सगळीकडे एफएफ. ० लिहायचा म्हणजे त्या पेशीच्या तरंगत्या गेटवर (चोहीकडून बंद, भार धरून ठेवणाऱ्या कप्प्यावर) जोराच्या व्होल्टेजनं विद्युतभार ढकलून बसवायचा. ०० या बाइटमध्ये आठही पेशींत भार भरावा लागतो. भरणी कच्ची असेल तर आठांपैकी एखादी घसरण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त.

भरणी कच्ची का राहिली? २७१२८ या मूळ चिपेला लिहिताना २१ व्होल्ट लागतात. माझा प्रोग्रामर जास्तीत जास्त १८ देतो. नळाला पाणी कमी दाबानं आलं की वरच्या मजल्याची टाकी अर्धीच भरते, पण खालचा नळ सोडला तर पाणी येतंच, त्यामुळे टाकी अर्धी आहे हे लगेच कळत नाही. तसंच इथे. १८ व्होल्टला पुन्हा पुन्हा ठोके मारून सॉफ्टवेअरनं कसेबसे ० बसवले, ५ व्होल्टला वाचून 'ओके' म्हटलं. माझ्या मशीनचा सप्लाय मोजला तर तो ५.१५ देतो. चिपेला जास्त व्होल्ट मिळाले की अर्धवट भरलेली पेशी १ वाचली जाते. त्यात बंद डब्यातली उष्णता, त्यात हळूहळू झिरपणारा भार. पंधरा दिवस टिकत होतं हेच नवल.

तर तुमची चिप अशीच कच्ची आहे का हे बघायचं असेल तर ५.५ ला एकदा आणि ४.५ ला एकदा व्हेरिफाय करा. ५.५ ला चुकली तर लिहिणं कच्चं. ४.५ ला चुकली तर पुसणं कच्चं, जुना भार खिडकीतून नीट गेलेला नाही. दोन्हीकडे ओके आली तर ती चिप डोळे मिटून बसवा आणि दोष दुसरीकडे शोधा.

आता मूळ प्रश्न: कोणता प्रोग्रामर घ्यावा. मला रोज कोणी ना कोणी विचारतं आणि प्रत्येक जण आधी किती चिपा सपोर्ट करतो ते सांगतो. तो आकडा विसरा. तुमच्या मशीनला लागणाऱ्या चिपेवरचं शेवटचं अक्षर वाचा आणि तिला लिहायला किती व्होल्ट लागतात ते बघा. इंटेलच्या क्रमांकांत २७१६ ला २५ व्होल्ट, २७३२ ला २५, २७३२ए ला २१. २७६४ आणि २७१२८ ला २१, पण २७६४ए आणि २७१२८ए ला १२.५. २७२५६ पासून पुढे १२.५. मध्ये 'सी' असलेल्या, म्हणजे २७सी२५६ वगैरे, १२.५ ते १३ च्या आसपास. सगळ्या कंपन्या अक्षरांची ही रीत पाळतात असं नाही, म्हणून डेटाशीट (कंपनीनं दिलेलं चिपेचं माहितीपत्रक) उघडायचा कंटाळा करू नका. काही चिपांच्या पाठीवर १२.५व्ही असं सरळ छापलेलंही असतं. उलट चूक तर याहून वाईट: १२.५ च्या चिपेला २१ दिले की ती मेली. ती पंधरा दिवससुद्धा वाट बघत नाही.

आता यंत्रं, म्हणजे प्रोग्रामर. टीएल८६६ए आणि टीएल८६६सीएस ही जुनी जोडी २१ व्होल्टपर्यंत जाते. ती आता बनत नाही, सेकंडहँड मिळते. त्यांच्यानंतरचा टीएल८६६ टू प्लस इतर बाबतीत सरस, पण त्याची मजल १८ पर्यंतच. नवा म्हणून चांगला असं समजून जुना विकून हा घेणारे लोक मला माहीत आहेत, आणि २७६४ हातात आली की मग फोन करतात. त्यानंतरचा टी४८ थेट २५ पर्यंत जातो, म्हणजे २७१६ सुद्धा त्याच्या आवाक्यात. आज नवीन घेणार असाल आणि घरात जुन्या चिपांची बरणी असेल तर माझं मत टी४८. २७०८ मात्र यांपैकी कशावरच नाही. तिला ५, उणे ५ आणि १२ असे तीन सप्लाय लागतात, ते प्रकरणच वेगळं.

प्रिंटर पोर्टवर चालणारे जुने विलेमसारखे प्रोग्रामर स्वस्तात मिळतात. खरा प्रिंटर पोर्ट असलेला जुना पीसी जिवंत असेल तरच घ्या. यूएसबीला प्रिंटर जोडायची जी वायर मिळते तिच्यावर हे चालत नाहीत, कारण ते पोर्टची एकेक तार स्वतः हलवतात आणि ती वायर तसं करू देत नाही. आर्डुइनोवर घरी बनवलेला प्रोग्रामर शिकायला उत्तम, पण तो ५ व्होल्टवर लिहिल्या जाणाऱ्या २८सी२५६ सारख्या चिपांना. २१ व्होल्टसाठी छोटी बूस्ट कन्व्हर्टरची (व्होल्टेज वाढवणारी) पट्टी वेगळी लावून पिन १ ला बाहेरून व्होल्टेज देणारे पठ्ठे आहेत. मीही एकदा केलं. मल्टिमीटरनं २१ सेट करून ठेवलं, पट्टीवरच्या स्क्रूला सोल्डरिंग करताना कोपर लागलं आणि दोन चिपा गेल्या. पुन्हा नाही करणार.

खरं सांगायचं तर मी नवा प्रोग्रामर घेतलाच नाही. चिप बदलली. विनबॉन्डची डब्ल्यू२७सी५१२ विजेवरच पुसली जाते, सुमारे १४ व्होल्टला, आणि १२ ला लिहिली जाते. दोन्ही माझ्या १८ वाल्या प्रोग्रामरच्या आत. यूव्ही दिवा नको, खिडकी नको. ती ६४ किलोबाइटची आहे आणि आपल्याला १६ च हवेत, म्हणून बेसिकची फाइल एकामागे एक चार वेळा जोडून ६४ ची एक फाइल केली आणि ती लिहिली. २७१२८ च्या ज्या पिनांवर लिहिण्याचा सिग्नल आणि लिहिण्याचं व्होल्टेज असतं, त्या २७ आणि १ नंबरच्या पिना ५१२ मध्ये पत्त्याच्या वरच्या दोन तारा होतात. मशीनमध्ये त्या वर बांधलेल्या असोत की खाली, चारपैकी कोणती ना कोणती प्रत समोर येणारच, आणि चारही सारख्याच. ही युक्ती ज्याला सुचली त्याला माझ्याकडून एक अमृततुल्य.

या चिपा ऑनलाइन मागवल्या तर बहुतेक जुन्या बोर्डांवरून काढलेल्या येतात, पाठीवरचं छापील नाव पुन्हा घासून मारलेलं. आल्या आल्या आयडी (कंपनी आणि प्रकार सांगणारा, चिपेच्या आतच असलेला क्रमांक) वाचा. डीए ०८ आलं तर विनबॉन्ड. दुसरं काही आलं तर पाठीवरचं नाव खोटं आहे, त्या आयडीवरून खरी चिप कोणती ते शोधा. ब्लँक चेक (चिप रिकामी आहे का ही तपासणी) फेल झाली म्हणून लगेच परत पाठवू नका, आतला जुना डेटा असेल, आधी पुसा. माझ्या दहांपैकी दोन कितीही वेळा पुसल्या तरी पुसल्या गेल्या नाहीत, त्या ठेवल्यात शेल्फवर.

वेगाचंही बघा. चिपेच्या नावामागे '-४५' असेल तर ती ४५० नॅनोसेकंदांची. बीबीसीचा ६५०२ हा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झला चालतो, म्हणजे एक फेरी ५०० नॅनोसेकंदांची आणि त्यातलाही काही वेळ पत्ता ठरवण्यात जातो. तिथे ४५० वाली पोचत नाही. २५० किंवा त्याहून चपळ घ्या. या चुकीचं लक्षणही 'कधी चालते, कधी नाही' असंच असतं, पण ५.५ ला व्हेरिफाय ओके येतं. फरक तिथे ओळखायचा.

कमोडोर ६४ वाल्यांसाठी एक वेगळी पाचर आहे. त्याच्या आतल्या ८ किलोबाइटच्या रॉम २४ पिनांच्या २३६४ आहेत आणि २७६४ ला पिना २८. तिथे अॅडॅप्टर लागतो, किंवा मोटोरोलाची ६८७६४ ही २४ पिनांची चिप, जिला लिहायला २५ व्होल्ट हवेत. म्हणजे अॅडॅप्टरच घ्या.

मूळ रॉम वाचून तिची प्रत ठेवणार असाल (ठेवाच) तर वाचण्याआधी सॉफ्टवेअरमधली आयडी तपासण्याची खूण (टिक) काढून टाका. आयडी वाचताना प्रोग्रामर ए९ या पिनेवर साधारण १२ व्होल्ट देतो. ईप्रॉम ते सोसते, पण कारखान्यातच भरून आलेल्या मास्क रॉमला ते अपेक्षित नाही. चाळीस वर्षं टिकलेली चिप तिला वाचायच्या नादात घालवू नका. जुन्या बऱ्याच २७१२८ मध्येही आयडी नसतोच, तिथे 'आयडी जुळत नाही' अशी ओरड होते. ती खूण काढली की थांबते.

आणि चिप लावायची कुठे? मित्राच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये जो जुना प्रोग्रामर आहे त्यात छोटी चिप सॉकेटच्या खालच्या टोकाला लावतात. टीएल८६६ कुळात ती लिव्हरच्या टोकाला, खाच लिव्हरकडे. सवयीनं खाली लावली की 'पिन कॉन्टॅक्ट' म्हणून एरर येतो आणि माणूस पाय घासत बसतो. यंत्राच्या पाठीवर चित्र असतं, ते बघा.

काचेच्या खिडकीच्या चिपा वापरणारच असाल तर पुसण्याबद्दल. लागतो तो २५३.७ नॅनोमीटरचा यूव्ही. चांगल्या इरेझरमध्ये (चिपा पुसायच्या यूव्ही डब्यात) पंधरा-वीस मिनिटं. पुतणीचा नखं वाळवायचा जांभळा दिवा मी रात्रभर लावून पाहिला, एक बिट हलला नाही; त्याची तरंगलांबी फार मोठी. घरच्या वॉटर प्युरिफायरच्या बदललेल्या यूव्ही नळीनं मात्र काम झालं, कारण ती २५४ चीच असते. ती बंद डब्यातच पेटवा, उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघू नका, हातही घालू नका. डेटाशीटमध्ये थेट उन्हात साधारण आठवडा लागतो असं दिलेलं असतं, म्हणून मे महिन्यात गच्चीवर आईच्या कुरडयांच्या शेजारी दोन चिपा ठेवल्या होत्या. सहाव्या दिवशी कुरडया उचलताना आईनं त्याही डब्यात भरल्या. त्या सापडल्या गौरीच्या तळणात, सुदैवानं कढईत पडायच्या आधी. पुसल्या गेल्या होत्या, ४.५ ला व्हेरिफाय मात्र पास झाल्या नाहीत.

दुकानातून आणलेल्या त्या पाच २७१२८ अजून आहेत. गेल्या महिन्यात एका मित्रानं टी४८ घेतला, त्याच्याकडे नेऊन २१ व्होल्टला लिहिल्या. पाचही ५.५ ला ओके. म्हणजे चिपांत काही खोट नव्हती, फक्त दुकानदार आणि मी दोघांनीही ते एक अक्षर सोडून दिलं होतं. खिडकीवर काळी पट्टी चिकटवून, तारीख आणि '२१व्ही' लिहून डबीत ठेवल्यात. मशीनमध्ये सध्या विनबॉन्डच आहे, गणपतीपासून रोज संध्याकाळी सुरू करतो, बूप-बीप झाल्यावर 'बेसिक' येतं.